ढकललेल्या रेणूचा हिशोब

पुणे, रविवार सकाळ

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. तीन आठवडे क्लस्टरवर सिम्युलेशनचा रन चालला, रेणूंच्या घड्याळाचे तीन मायक्रोसेकंद भरले, आणि तुझा तो औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत होता तिथेच बसून आहे. सर म्हणाले, आता मेटाडायनॅमिक्स लाव. आणि तू मला विचारतेस, “आत्या, रेणू आपणच ढकलून बाहेर काढायचा आणि मग लिहायचं की तो असा बाहेर पडतो, ही लबाडी नाही का?”

याचं उत्तर फोनवर दोन ओळींत देणं मला पटेना, म्हणून हे पत्र. इतकी वर्षं मी याच कामात घालवली. माझ्याकडे आलेल्या मुलामुलींपैकी हा प्रश्न इतका सरळ फार थोड्यांनी विचारला. बहुतेक जण रेणू हलला की खूश होतात. तू रेणू हलायच्या आधीच अस्वस्थ झालीस, हे मला फार आवडलं.

आधी तुझं ‘काहीच झालं नाही’ हे वाक्य घेऊ. तुझा रन दोन फेम्टोसेकंदांच्या पावलांनी चालतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले की मायक्रोसेकंद, आणि त्या एका मायक्रोसेकंदाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले की फेम्टोसेकंद. पाऊल इतकं बारीक का, तर हायड्रोजनचा बंध साधारण दहा फेम्टोसेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतो. त्याहून मोठी पावलं टाकली तर हेलकावा निसटतो आणि गणित फुटतं. ते बंध ताठ धरून ठेवायची ‘शेक’ नावाची युक्ती १९७७ साली आली, म्हणून एकाच्या जागी दोन फेम्टोसेकंदांचं पाऊल परवडायला लागलं. तुझे तीन मायक्रोसेकंद म्हणजे दीडशे कोटी पावलं. प्रत्येक पावलाला पाण्याच्या एकूण एक रेणूसकट सगळ्यांवरचं बल नव्यानं काढलेलं. म्हणजे यंत्र बिचारं राबलंच आहे. पण तू ज्याची वाट बघत होतीस ते घडलं नाही, आणि ते का घडलं नाही याला चांगलं कारण आहे.

खोलीच्या तापमानाला रेणूच्या हातात उष्णतेची जी चिल्लर खुळखुळत असते, ती साधारण ०.६ किलोकॅलरी प्रति मोल. खोबणीतून बाहेर यायच्या वाटेवर जी खिंड आहे तिची उंची दहा किलोकॅलरी असेल, तर खिंडीच्या माथ्यावर रेणू दिसण्याची शक्यता खालच्या दरीच्या मानानं दोन कोटींत एक. वाट बघायचा काळ ढोबळपणे तीन मायक्रोसेकंद. उंची चौदा झाली की काही मिलिसेकंद. वीस झाली की मिनिटभर. दर १.४ किलोकॅलरीला वाट बघणं दहापट वाढतं. हा आकडा पाठ करून ठेव, कारण तो यंत्रांबद्दलही सांगतो: उद्या तुला दहापट वेगवान संगणक मिळाला, तर तुझ्या पदरात फक्त १.४ किलोकॅलरी पडते. पाण्याच्या दोन रेणूंमधल्या एका हायड्रोजन बंधाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मी १९९१ साली पुण्यातच सी-डॅकचं ‘परम ८०००’ आलेलं पाहिलं आहे, आज आयसरला ‘परम ब्रह्म’ आहे. दोन्हींच्या मध्ये वेग किती पटींनी वाढला याचा मला अभिमान आहे. पण खिंडी तेवढ्यानं खचत नाहीत.

प्रोलिनचं उदाहरण घे. प्रथिनाच्या साखळीत प्रोलिनच्या अलीकडचा जो बंध असतो, तो ‘ट्रान्स’ ठेवणीतून ‘सिस’ ठेवणीत वळायला वीसेक किलोकॅलरींची खिंड लागते. एका वळणासाठी मिनिटभर थांबायचं असं धर. तुझा रन दिवसाला एक मायक्रोसेकंद या वेगानं चालला, तरी एक मिनिट भरायला सहा कोटी दिवस. दीड लाख वर्षांहून जास्त. आणि तुझ्या माझ्या शरीरात हे वळण रोज होतं. पेशींमध्ये ते वळण लवकर व्हावं म्हणून खास एन्झाइम नेमलेले आहेत. निसर्गालाही इथे ढकलावं लागलं आहे, हे लक्षात घे.

आणखी एक गोष्ट, जी समजायला मला वर्षं लागली. रेणू ‘हळूहळू’ बाहेर येत नसतो. खिंड ओलांडायची वेळ आली की ती काही पिकोसेकंदांत ओलांडली जाते. बाकीचा सगळा काळ नुसता थांबण्यात जातो. फाट्यावर एसटीची तासन्‌तास वाट बघावी आणि ती आल्यावर अर्धं मिनिट थांबून निघावी, तसं. फरक एवढाच की एसटीला वेळापत्रक आहे. रेणूला काल किती थांबलो याची आठवण नसते. तुझे तीन मायक्रोसेकंद सरले म्हणून तो बाहेर पडण्याच्या जवळ आलेला नाही. चौथ्या मायक्रोसेकंदाला शक्यता पहिल्याइतकीच. म्हणून ‘अजून दोन आठवडे चालवून बघू’ हा विचार मनाला धीर देतो, पण त्यात अर्थ नसतो.

आता थोडं जुनं सांगते. अमेरिकेत लॉस अलामोसला १९५३ साली ‘मॅनिअक’ नावाच्या यंत्रावर पाच जणांनी एक गणित केलं: निकोलस मेट्रोपोलिस, मार्शल आणि एरियाना रोझेनब्लुथ, एडवर्ड आणि ऑगस्टा टेलर. यातून जो नियम निघाला त्याला आज सगळे मेट्रोपोलिसचं नाव देतात. त्या यंत्रासाठी प्रोग्राम लिहिला तो एरियाना रोझेनब्लुथ यांनी. हे मी प्रत्येक मुलीला सांगते, तुलाही सांगून ठेवते. नियमाचं मर्म असं: हलवलेला रेणू जास्त ऊर्जेच्या जागी गेला तर ती हालचाल सरसकट फेटाळायची नाही. ती किती महाग आहे त्या प्रमाणात कधी मान्य करायची, कधी नाही. एवढं पाळलं की ज्या ठेवणी जितक्या वेळा दिसायला हव्यात तितक्याच दिसतात. पुढे १९६४ साली आर्गॉन नावाच्या प्रयोगशाळेत अनीसुर रहमान यांनी न्यूटनच्या नियमांनी ८६४ आर्गॉन अणूंचा द्रव संगणकात हलवून दाखवला. रहमान मूळचे आपल्या हैदराबादचे.

मग येतं १९७७. मला हे साल फार महत्त्वाचं वाटतं. मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी ५८ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन पहिल्यांदा संगणकात हलवलं, दहाएक पिकोसेकंद. त्याआधी प्रथिन म्हणजे स्फटिकातलं ताठ शिल्प असंच लोकांच्या डोळ्यांसमोर असे. आणि त्याच वर्षी टोरोंटोच्या टोरी आणि व्हॅलो या दोघांनी अम्ब्रेला सॅम्पलिंग सविस्तर मांडलं. म्हणजे ज्या वर्षी प्रथिन हललं, त्याच वर्षी ते पुरेसं हलत नाही यावरचा उपायही छापून आला. त्याच प्रथिनावर २०१० साली डी. ई. शॉ यांच्या गटानं ‘अँटन’ या खास बांधलेल्या यंत्रावर पूर्ण एक मिलिसेकंद भरला. साधारण दहा कोटी पट जास्त. आणि दिसलं काय, तर प्रथिन मोजक्याच काही ठेवणींमध्ये ये-जा करतं आणि प्रत्येकीत बराच काळ मुक्काम ठोकतं. मिलिसेकंद भरूनही मुख्य गोष्ट म्हणजे थांबणंच.

आता तुझ्या लबाडीच्या प्रश्नाकडे येते.

समज, एका गावात ५०० घरं आहेत. त्यातली ४८० मुख्य गावात आणि २० डोंगराकडच्या वाडीत. तुला ५० घरांची पाहणी करायची आहे. डोळे मिटून ५० घरं निवडलीस तर वाडीतली दोनच घरं वाट्याला येतील, कदाचित एकही नाही. आणि तुला तर वाडीबद्दलच जाणून घ्यायचं आहे. मग तू काय करशील? वाडीतली वीसच्या वीस घरं घेशील आणि गावातली तीस. हे मुद्दाम केलेलं झुकतं माप आहे. पण बेरीज करताना गावातल्या प्रत्येक घराला १६ घरांचं वजन दिलंस आणि वाडीतल्या प्रत्येकाला एकाचं, तर उत्तर सबंध गावाचं खरं येतं. उलट वाडीबद्दल तुझं म्हणणं आता दोन घरांवर नाही, वीस घरांवर उभं आहे. लबाडी केव्हा झाली असती? तू वाडीकडे झुकलीस ही गोष्ट वहीत लिहिली नसतीस तर.

टोरी आणि व्हॅलो यांनी हेच केलं. रेणूवर आपण एक जास्तीचं बल लावायचं, त्याला आपण ‘बायस’ म्हणतो. त्या बलानं रेणू खिंडीच्या माथ्याशी अडकवून ठेवायचा, म्हणजे एरवी दोन कोटींत एकदा दिसणारी जागा सतत दिसते. आणि शेवटी प्रत्येक नोंदीचं वजन बदलायचं: बायसनं ज्या जागेला जितकं फुकट दिलं तितकं तिच्याकडून वसूल करायचं. बायसचं सूत्र आपणच लिहिलेलं असल्यामुळे ही वसुली अंदाजानं होत नाही, गणितानं नेमकी होते. एकच मोठं बायस जमत नाही म्हणून वाटेचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात एक स्प्रिंग लावून रेणू तिथे फिरवतात आणि शेजारच्या तुकड्यांचे हिस्टोग्राम एकमेकांवर थोडे चढले आहेत ना ते बघतात. ते जोडायची पद्धत १९९२ साली शंकर कुमार आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या कामासाठी बसवली. तू तिला ‘व्हॅम’ म्हणून ओळखतेस. हिस्टोग्राम चढले नसतील तर दोन तुकड्यांमधला हिशोब तुटलेला असतो. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर तुला गुळगुळीत वक्र काढून देईल, त्यावर विश्वास ठेवू नकोस.

मेटाडायनॅमिक्स याचं पुढचं पाऊल. खिंड कुठे आहे, किती उंच आहे, हे आधी ठाऊक नसेल तर स्प्रिंगा लावायच्या कुठे? १९९४ साली ह्युबर, टोर्डा आणि व्हॅन गुन्स्टेरेन यांनी ‘लोकल एलेव्हेशन’ मांडलं, त्यात या कल्पनेचं बीज होतं. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये अलेस्सांद्रो लायो आणि मिकेले पारिनेल्लो यांनी तिला मेटाडायनॅमिक्सचं रूप दिलं. रस्त्याच्या कामावर खड्ड्यात भराव घालतात ना, ते डोळ्यांसमोर आण. रेणू दरीत फिरतो आहे. दर पिकोसेकंदाला तो जिथे उभा असेल तिथे आपण मातीचं एक घमेलं रिकामं करायचं. साधारण पाव-अर्ध्या किलोकॅलरीचा छोटा उंचवटा. जिथे तो वारंवार जातो तिथे माती साचते, तिथे उभं राहणं महाग होतं, आणि तो आपसूक कडेला सरकतो. भराव काठापर्यंत आला की रेणू खिंडीतून पलीकडच्या दरीत उतरतो. मग ती दरी भरायची. सगळं सपाट झालं की तो दोन्हीकडे मोकळा हिंडतो.

यातली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की रेणूला बाहेर काढण्यासाठी टाकलेली मातीच शेवटी उत्तर असते. कुठल्या जागी किती घमेली पडली हे आपण मोजत आलो, म्हणजे खड्डा किती खोल होता हे आपोआप मोजलं गेलं. भरावाचा आकार उलटा केला की मूळ जमिनीचा नकाशा. कर्जाची वही हीच जमाखर्चाची वही. सुरुवातीच्या पद्धतीत एक अडचण होती: घमेली कायम त्याच आकाराची, त्यामुळे सपाट झाल्यावरही जमीन वरखाली होत राही आणि कुठे थांबायचं ते कळत नसे. २००८ साली बार्दुच्ची, बुस्सी आणि पारिनेल्लो यांनी ‘वेल-टेम्पर्ड’ पद्धत दिली. जिथे भराव जास्त झाला आहे तिथे पुढचं घमेलं लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान, शेवटी चिमूटचिमूट. तू हीच वापर. आणि तिथे भराव पूर्ण काठोकाठ होत नाही, ‘बायस फॅक्टर’ जो ठरवशील त्या प्रमाणात होतो, तेव्हा नकाशा उलटा करताना त्यावरून निघणाऱ्या गुणकानं वाढवायला विसरू नकोस.

रेणू एकदा बाहेर पडला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. मला एक फेरी दाखवलीस तर मी तुला परत पाठवीन. तो बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला, असं अनेकदा व्हायला हवं. जाताना आणि येताना एकच नकाशा निघतो का, हे बघायला हवं.

इथवरचं सगळं कुठल्याही कार्यशाळेत तुला शिकवतील. पुढचं माझ्या मनाला जास्त लागून आहे.

माती टाकायची कुठल्या दिशेनं? तुझ्या प्रणालीत हजारो अणू आहेत. त्या सगळ्यांच्या दिशांनी भराव घालणं अशक्य. म्हणून आपण एक-दोन राशी निवडतो, एखादं अंतर, एखादा पिळाचा कोन, आणि म्हणतो की रेणूची खरी संथ हालचाल हीच. या ‘कलेक्टिव्ह व्हेरिएबल’ची निवड संगणक करत नाही, तू करतेस. निवड चुकली तर यंत्र कुरकुर करत नाही. ते तितक्याच शांतपणे चुकीचं उत्तर देतं.

मी हे स्वतः भोगलं आहे. तरुणपणी एका छोट्या पेप्टाइडवर काम करत होते. दोन टोकांमधलं अंतर ही राशी धरून अम्ब्रेला सॅम्पलिंग केलं. वेगवेगळ्या अंतरांच्या सुरुवातीच्या ठेवणी हव्यात म्हणून रेणू खूप तापवून घेतला आणि त्यातून एकेक उचलली. हिस्टोग्राम छान एकमेकांवर चढले, वक्र गुळगुळीत आला, एका परिषदेत मी तो मांडलाही. कित्येक महिन्यांनी, केवळ चित्र काढायचं म्हणून, मी प्रत्येक तुकड्यातला रेणू उघडून डोळ्यांनी पाहिला. काही तुकड्यांत प्रोलिनचा बंध ट्रान्स होता, काहींत सिस. तापवताना तो वळला होता, आणि थंड केल्यावर वीस किलोकॅलरींच्या खिंडीआड जिथल्या तिथे अडकून बसला होता. माझा वक्र अर्धा एका रेणूचा होता आणि अर्धा जवळजवळ दुसऱ्याच रेणूचा. अंतराच्या आलेखात याची खूण कुठेही नव्हती. मी निष्कर्ष मागे घेतला, सगळं पुन्हा केलं, वर्ष गेलं. त्या वर्षाचं दुःख आज नाही. पण तेव्हापासून मी वक्र बघायच्या आधी रेणू बघते.

हे माझ्यापुरतं असतं तर सांगितलं नसतं. टी४ या जिवाणूभक्षक विषाणूचं लायसोझाइम घे. त्यातलं ९९ व्या जागेचं ल्युसिन काढून तिथे लहानसं अ‍ॅलनिन बसवलं की प्रथिनाच्या पोटात एक पोकळी तयार होते, आणि बेंझिनसारखे रेणू तिच्यात जाऊन बसतात. इतकी साधी जागा, म्हणून सगळे आपल्या पद्धतींची परीक्षा तिथेच घेतात. पण पोकळीच्या भिंतीत १११ व्या जागेला एक व्हॅलिन आहे. पॅरा-झायलिनसारखा थोडा लांबट पाहुणा आला की ते आपली बाजूची साखळी वळवून जागा करून देतं. हे वळण संथ आहे. २००७ साली मोब्ली, चोडेरा आणि डिल यांनी दाखवलं की गणित सुरू करताना व्हॅलिन कुठल्या वळणात आहे त्यावर बांधणीच्या ऊर्जेचं उत्तर बदलतं. त्यांनी त्या वळणाचाही वेगळा हिशोब मांडला, तेव्हा उत्तरं जुळली. बघ, सगळ्यांचं लक्ष पाहुण्यावर होतं, आणि मोजायचं राहिलं होतं ते दार उघडणाऱ्या माणसाला. तुझ्या खोबणीच्या तोंडाशी असं कोण बसलं आहे, हे तू पाहिलंस का?

बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, आपण कितीदा त्याच्यासमोरून गेलो. घाटातून वाट कुठून निघते हे इंग्रज इंजिनिअरांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवलं, असं सांगतात. त्यांच्याकडे दुर्बिणी होत्या, साखळ्या होत्या, सुरुंगाची दारू होती. खिंड कुठे आहे हे मात्र गुरांमागे डोंगर तुडवलेल्या माणसाला ठाऊक. मेटाडायनॅमिक्स लावण्याआधी तू आपल्या प्रथिनात तसं हिंडायला हवंस. स्फटिकातली रचना उघड, पाणी कुठे बसलंय बघ, कुठली साखळी हलते, कुठली कधीच हलत नाही, हे वहीत लिही. तुझे ते तीन मायक्रोसेकंद वाया गेलेले नाहीत, ते याच कामाला येतील. ‘काहीच झालं नाही’ असं जे तू म्हणतेस, त्यात दरीचा तळ पूर्ण नोंदलेला आहे.

राशी म्हणून कोन निवडायचे म्हणशील तर आपल्या देशातच १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी दाखवलं की प्रथिनाचा कणा कसा दुमडेल हे प्रत्येक अमिनो आम्लापाशी फाय आणि साय या दोन कोनांवर ठरतं. अणू एकमेकांवर आदळू नयेत, एवढ्याच साध्या विचारातून त्यांनी तो नकाशा काढला. आज अ‍ॅलनिन डायपेप्टाइड या बावीस अणूंच्या रेणूवर जगभरची मुलं पहिला सराव करतात तो त्याच नकाशावर. तूही केला असशील. आता त्यातच एक प्रयोग कर: बायस फक्त सायवर लाव, फाय मोकळा सोड. साय छान इकडून तिकडे फिरेल, भराव सपाट दिसेल, आणि फाय मात्र बहुतेक सगळा वेळ एकाच बाजूला बसून राहील. तुला वाटेल नकाशा पूर्ण झाला, प्रत्यक्षात अर्धा रेणू तू पाहिलेलाच नसेल. आणि फाय-साय दोन्ही घेतले तरी गोष्ट संपत नाही. २००० साली बोलहुइस, डेलागो आणि चँडलर यांनी याच चिमुकल्या रेणूत दाखवलं की खिंडीच्या नेमक्या माथ्यावर एक तिसरा कोनही निर्णायक असतो. बावीस अणूंनी एवढं लपवलं, मग तुझ्या प्रथिनानं किती लपवलं असेल!

दिशा निवडायचीच नसेल तर रेप्लिका एक्स्चेंज आहे. रेणूच्या अनेक प्रती वेगवेगळ्या तापमानांना चालवायच्या आणि मेट्रोपोलिसच्याच नियमानं शेजाऱ्यांची अदलाबदल करायची. सुगिता आणि ओकामोतो यांनी १९९९ साली ते रेणूंच्या गतीसाठी बसवलं. गरम प्रत खिंडी ओलांडते, थंड प्रत हिशोब ठेवते. पण प्रणाली मोठी झाली की प्रती वाढवाव्या लागतात, आणि भोवती भरपूर पाणी असलं की ते खर्चिक होतं. शिवाय वाट उंच नसून अरुंद असेल, म्हणजे अडचण ऊर्जेची नसून नेमकी फट सापडण्याची असेल, तर उष्णता फारशी मदत करत नाही. तुझ्या खोबणीचं तोंड चिंचोळं आहे, म्हणून मी तुला आधी हे सुचवत नाही.

हल्ली यंत्राकडूनच राशी शिकून घेतात. मी त्या वाटेविरुद्ध नाही, त्यातलं काही काम मला मनापासून आवडलं. पण शिकवायला दिलेला डेटा एकाच दरीतला असेल, तर यंत्र त्या दरीतलीच हालचाल शिकेल. पलीकडे काय आहे ते त्याला कोण सांगणार?

एक सूचना कळकळीची. ढकललेल्या रनमध्ये रेणू चाळीस नॅनोसेकंदांना बाहेर आला, तर अहवालात ‘औषध चाळीस नॅनोसेकंदांत सुटतं’ असं चुकूनही लिहू नकोस. बायसनं ऊर्जेचा नकाशा परत मिळतो, पण घड्याळ बिघडलेलं असतं. अनेक औषधं खोबणीत मिनिटं, कधी तास बसून राहतात, आणि रुग्णाच्या दृष्टीनं तो मुक्कामच महत्त्वाचा असतो. वेळ परत मिळवायची असेल तर त्याला वेगळी शिस्त आहे. १९९७ साली आर्थर व्होटर यांनी ती वाट दाखवली: माती फक्त दरीत टाकायची, खिंडीचा माथा स्वच्छ ठेवायचा, मग घड्याळ किती पटींनी धावलं ते काढता येतं. २०१३ साली तिवारी आणि पारिनेल्लो यांनी हीच गोष्ट मेटाडायनॅमिक्समध्ये आणली, घमेली फार सावकाश टाकून. आणि काहीही न ढकलता फक्त ओलांडण्याचे ते क्षण गोळा करायचे, ही चँडलर यांच्या गटाची १९९८ पासूनची रीत आहे. ती वेगळ्या पत्राचा विषय. तुझं पहिलं काम नकाशा काढण्याचं आहे, वेळेचा दावा सध्या करूच नकोस.

तर लबाडी आहे का? तुझ्या वहीत बायसचं सूत्र, घमेल्याची उंची, टाकण्याचा वेग, किती फेऱ्या झाल्या आणि राशी कुठली आणि का निवडली, हे सगळं लिहिलेलं असेल आणि दुसरं कोणी ते वाचून तीच दरी पुन्हा मोजू शकत असेल, तर मी तुझ्या पाठीशी आहे. सरांनाही हे दाखव. राशी का निवडली याचं कारण लिहिताना ‘सगळे हीच घेतात’ एवढंच सुचलं, तर रन लावू नकोस, मला फोन कर.

या आठवड्यात आधी तो सायवरचा सराव कर. रंगीत नकाशा नको, काळाप्रमाणे फाय कसा बदलला तेवढा एकच आलेख पाठव. आणि तुझ्या खोबणीच्या तोंडाशी कोणकोणती अमिनो आम्लं आहेत त्यांची नावं, जागेच्या आकड्यांसह. मी चष्मा बदलून घेतला आहे, आता पडद्यावरची रचना नीट दिसते. गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, आरती झाली की दोघी बसून तुझा रेणू फिरवून बघू. दादाला सांग, कोकणातून तांदूळ आला आहे, तुझ्याबरोबर देते.

तुझी,
आत्या